कंसाने गिळलेलं दुसरं उत्तर

मंडळी, आज डोकं पार बधिर झालंय.

दासगावात सावित्री नदीचं पाणी किती चढलंय, ते गावच्या ग्रुपवर टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट मी महाडातून चालवतो. तिचं फंक्शन दोन उत्तरं देतं: पाण्याची पातळी, आणि ते माप ताजं आहे की शिळं.

सकाळी दासगावहून काकीचा फोन. "अरे, पाणी गोठ्यात भरलाय नि तुझा मेसेज सांगतो, भीती नाय!"

पातळी मोजणारं यंत्रच बंद पडलं होतं. फंक्शनने जुनी, कमी पातळी दिली आणि 'शिळं' असंही सांगितलं. पण कोड नीटनेटका दिसावा म्हणून कालच मी त्या फंक्शनला बोलावणाऱ्या कोडभोवती कंस घातला होता. लुआ या प्रोग्रामिंग भाषेत असा कंस घातला की पहिलं उत्तर तेवढं उरतं, बाकीची गुपचूप गळतात. एररसुद्धा येत नाही.

कंस काढला. दुपारी काकीला फोन लावला.

"आम्ही बरी हाव," ती म्हणाली. एरवी एवढं ऐकून मी फोन ठेवतो. आज थांबलो.

"पण तुझा मेसेज बघून म्हस सोडली नाय रे. गेली ती."

तुम्ही फोन कधी ठेवता, पहिल्या उत्तरावर की दुसऱ्या?