तुळशीपाशी आलेले फोटो

लेकीच्या लग्नाला बारामतीहून आलेली फोटोवाली पोरगी, हात कॅमेऱ्यात गुंतलेले म्हणून कपाळावरचे केस फुंकरीनं उडवायची. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं, मागं तुळशीला पाणी घालायचं. मला तर लग्न बघायचं होतं. त्या फोटोवालीनंच ओळखलं. माझा फोन कॅमेऱ्याला जोडून म्हणाली, "मावशी, मांडवात यायचं न्हाय ना? मग फोनात बघायला कोण अडवतंय? मी तितं फोटो काढला की हितं दिसंल."

"लगेच?"

"व्हय, अक्षता पडायच्या आत!"

एका हातात तांब्या, दुसऱ्यात फोन. आले की फोटो! अंतरपाट, मामा, अक्षता. मग हार घातलेली लेक आली, थेट माझ्याकडं बघून हसत. कॅमेऱ्यापलीकडं आई हाय, हे त्या पोरीनं तिलाही सांगितलं होतं.