मोकळा सोडलेला गडी

व्हर्लिन स्टकीनं आयुष्यात चेंडू फारसा पळवला नाही, पण चेंडू आपल्यापाशी आहे असं भासवत तो जेवढा पळाला, तेवढं कॉटन फोर्क गावात दुसरं कुणी पळालं नसेल. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो फुलबॅक होता, चेंडू घेऊन थेट गर्दीत घुसणारा. डाव चालवणारा क्वार्टरबॅक त्याच्या पोटाशी चेंडू खोचायचा. कधी तिथंच सोडायचा, कधी अलगद काढून घ्यायचा. व्हर्लिननं मात्र दोन्ही वेळा सारखंच करायचं. हात पोटावर आवळायचे, मान खाली घालायची आणि समोरच्या गर्दीत मुसंडी मारायची. रिकाम्या हातांनी मार खाऊन तो पडायचा आणि पडल्यावरही हात सोडायचा नाही. रंगमंचावर मेलेल्यानं पडदा पडेपर्यंत श्वास रोखून धरावा, तसा.

पुढे गुडघा गेला आणि त्याच कॉलेजात तो चेंडू घेऊन धावणाऱ्या पोरांचा प्रशिक्षक झाला. केस पांढरे झाले तरी शिकवायचा तो एकच डाव, ऑप्शन. समोरच्यांचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कुणी अडवायचं नाही. तो फुलबॅकवर झेपावला, तर क्वार्टरबॅकनं चेंडू स्वतःकडे ठेवायचा. तो क्वार्टरबॅकवरच आला, तर बाजूनं धावणाऱ्या भिडूकडे चेंडू उडवायचा. त्या मोकळ्या गड्यानं काहीही केलं तरी ते चूकच ठरलं पाहिजे. "त्याला वाटू दे की तोच ठरवतोय," व्हर्लिन पोरांना सांगायचा, आणि त्याच्या डोळ्यांत तेव्हा चांगल्या नटाची लबाडी चमकायची.

यालाही उतारा होताच. त्या हंगामात हार्मन बेंडच्या संघानं तो काढला. चेंडू कुणाकडे का असेना, मोकळ्या गड्यानं थेट क्वार्टरबॅकला आडवं करायचं, आणि मागचा दुसरा गडी बाजूच्या भिडूवर धाडायचा. त्यांनी असे तीन संघ झोपवले होते. आता शनिवारी पाळी कॉटन फोर्कची होती.

व्हर्लिनकडे उताऱ्यावरचा उतारा होता. चेंडू लवकर उडवला की मागचा गडी भिडूला गाठतो. पण क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणापर्यंत थांबला, तर तो मागचाही बिचकून क्वार्टरबॅककडे ओढला जातो आणि बाहेरची वाट मोकळी होते. थांबणाऱ्यानं मार मात्र खायचाच, प्रत्येक वेळी.

क्वार्टरबॅक होता केंट ओडम. विधवा मोझेल ओडमचा एकुलता एक. चर्चमध्ये बेसूर गाणारा आणि त्यावर स्वतःच हसणारा. आदल्या शनिवारी त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता. नाकाशी उग्र वासाची कुपी धरून त्याला पुन्हा मैदानात पाठवलं होतं. तिथं सगळ्यांना तसंच पाठवत.

गुरुवारी सराव होता. लाल धूळ उडत होती. व्हर्लिन स्वतः मोकळा गडी झाला. छातीशी गादी धरून तो केंटवर धावून जायचा आणि अगदी जवळ आल्यावर बोटं दाखवायचा. किती ते सांगून मगच केंटनं चेंडू उडवायचा. नजर हलली नाही याची ती खूण.

"किती?"

"दोन, कोच."

बोट एकच होतं.

"पुन्हा. किती?"

"चार."

या वेळी दोन होती. मागून फुलबॅक ओरडला, "कोच, याला कॉलेजात कुणी घेतलं? बेरीज येईना."

"तुला पास केलं तेव्हाच कॉलेजची अब्रू गेली," केंट म्हणाला. पोरं हसली.

व्हर्लिन हसला नाही. त्यानं केंटच्या शिरस्त्राणाची जाळी धरून त्याला जवळ ओढलं. "तू माझ्याकडे बघतच नाहीस. मार येणार म्हणून डोळे मिटतोस आणि ठोकून देतोस. भितोस काय?"

केंटचा चेहरा उतरला. त्या गावात पोराला बाकी काहीही म्हटलेलं चालायचं.

"नाही, कोच."

त्यानंतर त्यानं प्रत्येक आकडा बरोबर सांगितला. व्हर्लिननं पाठ थोपटली. रात्री जेवताना बायकोला, ओलीटाला, म्हणाला, "पोराच्या मनातली भीती काढली आज."

"कशी?" बटाटे वाढत ओलीटानं विचारलं.

"लाज काढून."

"तुझं सगळं औषध एकाच बाटलीतलं," ती म्हणाली.

शनिवारी उतारा लागू पडला. केंट थांबायचा, चेंडू उडवायचा आणि मोकळा गडी त्याला जमिनीवर आपटायचा. तोवर भिडू बाहेरून सुसाट. प्रेक्षक भिडूकडे बघायचे. केंट उठायला दर वेळी जास्त वेळ घेत होता, हे त्याच्या आईशिवाय कुणी पाहत नसावं.

सामना संपत आला, कॉटन फोर्क थोडक्यात मागे आणि जिच्यापार गेलं की गुण मिळतात ती रेषा जवळ. तेवढ्यात केंटनं चेंडू उडवला तो रिकाम्या गवतावर. भिडू हातभर अंतरावर होता. नशिबानं त्यानंच झडप घालून चेंडू वाचवला. केंट कडेला आला.

"कुणाला फेकलास रे?" व्हर्लिननं विचारलं.

"दोन दिसतात, कोच. मी डावीकडच्याला फेकतो. बहुतेकदा तोच खरा असतो."

"कधीपासून?"

"मागच्या शनिवारपासून. गुरुवारी तुमची बोटं दिसतील त्याच्या निम्मी करून सांगत होतो." तो थोडा हसला. "बेरीज नाही, भागाकार येतो मला."

मुख्य प्रशिक्षक बक लॉफ्टिन धावत आला. "काय म्हणतोय पोरगा? बरा आहे ना?"

सांगायचं वाक्य जिभेवर होतं, 'याला बाहेर बसव.' पण बदली क्वार्टरबॅक अजून एकाही सामन्यात उतरला नव्हता, हजारो लोक उभे राहिले होते, आणि व्हर्लिनच्या डोक्यात त्याच क्षणी, आयुष्यभराच्या सवयीनं, एक डाव उलगडला. हार्मन बेंडचा गडी आता डोळे झाकून क्वार्टरबॅकवर येतो. मग फुलबॅकनं गर्दीत न घुसता त्यालाच धडकायचं. मागचा गडी भिडूमागे जाईल. केंटनं कुणाकडे फेकायचंच नाही, सरळ पळायचं.

"एक डाव आहे, बक," तो म्हणाला. "त्यात याला कुणाचा हातही लागणार नाही."

आणि लागला नाही. फुलबॅकनं मोकळ्या गड्याला उखडून फेकलं, मागचा गडी फसला, आणि केंट मोकळ्या जागेतून एकटा, जरा तिरपा, रेषेपार गेला. मैदान गरजलं. केंटनं चेंडू जपून खाली ठेवला, बाकाच्या दिशेनं चालू लागला, गुडघ्यावर बसला आणि कुशीवर कलंडला.

शहरातल्या डॉक्टरांनी कवटी उघडून रक्त काढलं. पोरगा जगला. वाचा गेली, उजवं अंग गेलं.

लॉफ्टिननं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "सामन्याच्या फिल्ममध्ये शेवटच्या डावात कुणी त्याला हात लावलेला नाही. विचारलं तर तेवढंच सांगायचं." खोटं त्यात काहीच नव्हतं. व्हर्लिनच्या डावानंच तो पुरावा तयार केला होता. हिवाळाभर दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्याला फोन करत राहिले. फुलबॅकनं पहिलं पाऊल कुठं टाकायचं, असं विचारायचे. पहिल्या दोघांना त्यानं सांगितलं. नंतर तो फोनच घेईना.

गहू हिरवा झाला तेव्हा तो मोझेलच्या घरी गेला. केंट खिडकीपाशी खुर्चीत होता. मोझेल त्याची हनुवटी पुसत होती.

"बसा, कोच. कॉफी टाकते."

"नको. मोझेल, त्याला दोन दोन दिसत होतं."

तिचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"त्यानंच. शेवटच्या डावाआधी. बकनं विचारलं तेव्हा मी बोललो नाही. पाठवला."

"त्याआधी माहीत होतं?"

"त्याआधी मी त्याला भित्रा म्हटलं."

तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सगळे म्हणाले, कुणी हात लावला नाही. मी म्हटलं, मग देवानंच लावला असणार. सहा महिने मी देवाशी बोलत नाहीये, कोच."

व्हर्लिन दाराकडे वळला.

"मला एकटीला सांगून नाही भागायचं," ती म्हणाली. "चर्चमध्ये उभं राहून सांगा. बक पण असतो तिथं."

त्या चर्चमध्ये रविवारी कुणीही उठून आपल्या मनातलं बोलू शकत असे. बहुधा लोक पावसाबद्दल किंवा बऱ्या झालेल्या आजाराबद्दल आभार मानत. व्हर्लिन बाकाला धरून उठला आणि हळू आवाजात, काही न लपवता, गुरुवार आणि शनिवार सांगितला. लॉफ्टिन मध्येच उठून गेला. फुलबॅकची आई मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत राहिली. सांगून झाल्यावर कुणी 'आमेन' म्हटलं नाही. पाद्रीनं थोडं थांबून गाण्याचा क्रमांक सांगितला आणि लोक पानं उलटू लागले.

व्हर्लिन खाली बसला. त्याच्या पलीकडचं कुटुंब बाक सोडून मागे गेलं होतं. ओलीटानं पुस्तक उघडून दोघांच्या मध्ये धरलं, पण तिच्यानं गायलं गेलं नाही, त्याच्यानंही नाही. पुढच्या बाकावर मोझेल मात्र गात होती. मोठ्यानं आणि बेसूर.