येईल तो खेळेल

दर रविवारी सकाळी साडेसहाला जगूकाका डोळ्यांना पंचा बांधून चपलांच्या ढिगासमोर उकिडवे बसत. मैदानावर आलेल्या प्रत्येक मुलाने उजव्या पायाची चप्पल त्या ढिगात टाकायची, असा नियम होता. काका एकेक चप्पल उचलत आणि एक डावीकडे, एक उजवीकडे भिरकावत. डावीकडच्यांचा एक संघ, उजवीकडच्यांचा दुसरा. कॅप्टन नाही, निवडानिवड नाही, आणि 'आता हाच उरलाय, घे बाबा तूच' असं कोणाच्या वाट्याला येणं नाही.

माझा मुलगा ओजस आठ वर्षांचा असताना आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो. वटार गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं ते मैदान म्हणजे निम्मं गवत आणि निम्मे खडे. ओजस तेव्हा चांगला गुटगुटीत होता. आमच्या सोसायटीतली मुलं त्याला नेहमी शेवटी घेत, त्यामुळे फुटबॉल म्हटला की तो माझ्या पाठीमागे दडायचा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि "चप्पल टाक" एवढंच म्हणाले. पंधरा मिनिटांत माझा मुलगा मातीत लोळत होता आणि मी त्याला ओळखावं की नाही या विचारात होतो.

मी फीचं विचारलं. काका म्हणाले, "फी नाय. पन बापसानं नुसतं बसायचं नाय. काय करतोस तू?" बँकेत आहे म्हटल्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला, "मंग कागद तुझे." बँकेतसुद्धा माझी नेमणूक इतक्या झटपट झाली नव्हती. क्लब सगळा असाच पालकांच्या अंगमेहनतीवर चालायचा. कोणी जाळी बांधायचं, कोणी काचा आणि खडे वेचायचं. गिरीज गावच्या सिसिलियाताई त्यांच्या वाडीतला वेलची केळ्यांचा घड स्कूटरवर पुढे ठेवून आणायच्या आणि खेळ संपल्यावर वाटायच्या. फुटबॉल कसा असावा याचं ज्ञान आम्हा कोणालाच नव्हतं, काकांनाही जेमतेमच होतं. पण मैदानाला एक कायदा होता आणि तो काकांच्या तोंडी कायम असायचा, "येल तो खेळंल."

जगन्नाथ म्हात्रे हे त्यांचं पूर्ण नाव. घर खाडीकाठच्या गावात, वडिलांची भातशेती. स्वतः काकांनी वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवला होता. उंच, हाडकुळे, खांद्यात थोडे वाकलेले. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघायची सवय. एखादा दांडा हातात आला की त्याच्यावरून बोट फिरवून "हितं कमी हाय" म्हणायचे, आणि मोजलं तर तिथे खरोखर कमी असायचं. लहानपणी गावातली थोराड पोरं त्यांना खेळायला घेत नसत, बांधावर गुरं राखायला बसवत. हे त्यांनी एकदाच, जाळीची गाठ मारता मारता सांगितलं आणि लगेच दुसरा विषय काढला.

सगळ्या मुलांत केतन नावाचा एक मुलगा होता. क्लब सुरू झाला तेव्हापासूनचा. उन्हाळा असो, परीक्षा असो, त्याचा एक रविवार चुकला नाही. आणि इतक्या वर्षांत त्याला चेंडू पायाशी थांबवता आला नाही. चेंडू त्याच्याकडे यायचा, पायाला लागायचा आणि शहाण्यासारखा दुसरीकडे निघून जायचा. केतन त्याच्यामागे हसत धावायचा. त्याचा संघ कधी जिंकायचा, कधी हरायचा, इतरांइतकाच. "माझं नशीब चांगलं आहे," असं तो आईला सांगायचा, "मला नेहमी चांगली टीम मिळते." ते त्याच्या आईने मला कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही कौतुकाने ऐकलं होतं.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. ओजस बारा वर्षांचा झाला, त्याची चरबी झडली आणि त्याला वेग आला. इतका की बाहेरचे लोक थांबून बघू लागले. मग माझ्या डोक्यात वारं शिरलं. रविवारी चपला टाकून खेळणं मला पोरखेळ वाटू लागलं. लीगमध्ये उतरायचं, नोंदणी करायची, मुलांना 'एक्स्पोजर' मिळालं पाहिजे, असं मी दिसेल त्याला पटवू लागलो. कागद माझ्याचकडे होते. फॉर्म मी आणले, जन्मदाखले मी गोळा केले, आणि पालकांची सभाही मीच बोलावली. बोलताना मी सतत 'मुलांसाठी' म्हणत होतो. मनात मूल एकच होतं.

लीगच्या यादीत अठरा नावं बसत होती. त्या वयाची आमची मुलं तेवीस. सभेत काकांनी एवढंच विचारलं, की बाकीची पाच काय करतील. मी म्हटलं, तीही सराव करतील. काका हातातल्या शिट्टीकडे बघत म्हणाले, "सराव कशाचा, बघन्याचा?" दोघे-तिघे हसले. मीही हसलो. मग मी हात वर करायला सांगितलं. सगळ्यांचे झाले. सर्वांत शेवटी काकांचाही हात वर गेला, कोपरापर्यंतच. सुंठीवाचून खोकला गेला असं मला वाटलं. यादी कोणी करायची हा प्रश्न आला तेव्हा मात्र सगळ्यांनी मूग गिळले, आणि ते काम आपोआप काकांच्या गळ्यात पडलं. मूग गिळणाऱ्यांत मीही होतो. फॉर्म भरायला माझे हात चालत होते, पाच पोरांना नाही म्हणायला नव्हते.

पुढच्या रविवारी काका नेहमीसारखे पंचा बांधून बसले. त्या वयाच्या तेवीस मुलांनाच त्यांनी चपला टाकायला सांगितल्या होत्या. "आज यादी हाय," ते म्हणाले. "चपलेचं नशीब. ज्याची डावीकडं जाईल तो या टायमाला थांबंल. रागवायचं नाय." आणि त्यांनी सुरुवात केली. एक उजवीकडे. एक उजवीकडे. एक डावीकडे. हात कुठे अडखळत नव्हता, पण मला दिसलं की प्रत्येक चप्पल फेकण्याआधी त्यांचा अंगठा टाचेवरून आणि पट्ट्यावरून एकदा फिरत होता. ढीग संपला तेव्हा डावीकडे पाच चपला पडल्या होत्या. त्या नेमक्या त्या पाच मुलांच्या होत्या, ज्यांची नावं मीही लिहिली असती. केतनची त्यांत होती.

इतकी वर्षं आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो ते काकांच्या बोटांत होतं. कोणाची टाच कुठे झिजलीय, कोणाचा पट्टा शिवलेला आहे, सगळं त्यांना स्पर्शाने माहीत होतं. जोरदार पोरं आणि कच्ची पोरं ते दर रविवारी सारखी वाटत आले होते, आणि कोणाला कळू दिलं नव्हतं. कोणीही मैदानावरून लहान तोंड करून घरी जाऊ नये म्हणून. आज त्याच हातांनी त्यांना पाच मुलं बाजूला काढायची होती, आणि नशिबाच्या नावावर घातलं तर त्यांना कमी लागेल, एवढाच त्यांचा भाबडा हिशेब होता.

मुलं मोठ्यांइतकी मूर्ख नसतात. केतनने पुढे होऊन आपली चप्पल उचलली, पायात घातली, आणि मग काकांजवळ जाऊन अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्हाला आधीपासून कळत होतं?"

काकांनी पंचा सोडला. ते त्याची घडी घालत राहिले. केतन थोडा वेळ थांबला, उत्तराची वाट बघत असल्यासारखा, आणि चालू लागला. सिसिलियाताई केळी घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. तो नम्रपणे "नको" म्हणाला.

त्यानंतर ढिगात चप्पल कोणी टाकेना. काकांनी एकदा सांगून पाहिलं, पण मुलं एकमेकांकडे बघत राहिली, तेव्हा त्यांनीही सोडून दिलं. आमचा संघ लीगमध्ये बरा खेळला. निळ्या जर्सी आल्या, कडेला उभे राहून ओरडणारे बाप आले, त्यात माझा आवाज मोठा होता. दुसऱ्या वर्षी लीगला सर्टिफिकेटवाला प्रशिक्षक लागला, म्हणून एक तरुण सर आले. चांगला मुलगा होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काका आता पांढऱ्या फक्कीने मैदानाच्या रेघा मारत. रेघा मात्र अशा सरळ की दोरीचीही गरज लागू नये. रेघा मारून झाल्या की ते कडेला बसून राहत. ज्यांना संघात जागा नाही अशा सगळ्या वयांच्या मुलांना घेऊन कोपऱ्यात खेळायचा त्यांनी प्रयत्न केला. पहिल्या रविवारी नऊ आली, मग पाच, मग दोन. कोपऱ्यात खेळतो म्हणजे आपण कोण, हे त्या मुलांना बरोबर समजत होतं.

केतनच्या घरी काका पुष्कळदा गेले, हे मला फार नंतर कळलं. तो पाणी आणून द्यायचा, 'क्लास आहे' म्हणायचा आणि खाली बघत बसायचा. काकाही खाली बघत बसायचे. अशा त्या दोघांच्या गप्पा. एकदा केतनची आई मला बाजारात भेटली आणि म्हणाली, "म्हाताऱ्याला सांगा हो, येऊ नका म्हणावं. मला बघवत नाही." मी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर हा विषय काढायचं माझं धाडस नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते पडवीत खाटेवर टेकून बसले होते, समोरच्या शेतात भराव पडलेला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी, सगळं धाडस गोळा करून म्हटलं, "काका, ती यादी माझ्यामुळे झाली. मीच घोडं दामटलं."

"तू तुझ्या पोराचा बापूस," ते म्हणाले. "बापूस आपल्या पोराचंच बघनार. त्यात काय? मी समद्यांचा होतो. मी हात वर करायला नको होता." दम लागला म्हणून थांबले. मग म्हणाले, "तो इचारत होता तवा मी बोललो नाय. काय बोलायचं? तुला खेळता येत नाय, हे पोराच्या तोंडावर कसं सांगायचं? ते आयकून तो परत आला नसता."

मग त्यांनी मला काम सांगितलं, नेमणूक करायच्या त्याच जुन्या पद्धतीने. "तू जा त्याच्याकडं. माझ्यासमोर तो बोलत नाय. त्याला इचार, काका कुठं चुकला. आनि काय म्हनतो ते मला येऊन सांग. वाईट असलं तरी सांग."

मी हो म्हटलं. मार्च होता, बँकेत वर्षअखेरीचं काम होतं, ओजसच्या मॅचेस होत्या. कारणं शोधायला गेलं की कमी पडत नाहीत. खरं कारण एवढंच, की त्या मुलाच्या दारात उभं राहायची मला लाज वाटत होती. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात सकाळी सिसिलियाताईंचा फोन आला, की काका गेले. शेवटच्या दिवसांत ते सुनेला दोनदा विचारत होते, सुधीर आला का म्हणून. सुधीर म्हणजे मी.

स्मशानात निळ्या जर्सी घातलेली मुलं रांगेत उभी होती. केतन दिसला नाही.

दहाव्यानंतर मी त्याच्याकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. दहावीत गेलेला, मिसरूड फुटलेला. काका गेल्याचं त्याला कळलं होतं. मी आत जाऊन बसलो आणि ज्यासाठी काका असतानाच यायला हवं होतं ते विचारलं. काका कुठे चुकले, हे त्यांना तुझ्याकडून ऐकायचं होतं, असं म्हटलं.

त्याने उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "त्यांनी मला यादीत घेतलं नाही त्याचं काही नाही. मला येत नव्हतंच. मलाही माहीत होतं. तुला येत नाही, पण तू ये, एवढं ते त्या दिवशी म्हणाले असते ना, तर मी दर रविवारी आलो असतो."

नंतर त्याने मला विचारलं, "हे त्यांना सांगायचं राहिलं का?"

मी हो म्हटलं.