मनकर्णाबाईच्या कढईतली भेसळ

भंडारा कुठलाही असो, स्वयंपाकाला मनकर्णाबाई हवीच. तिची लोखंडी कढई केवढी, तर वांग्याची भाजी ढवळायला फावडं लागावं. तिच्या हातचे रोडगे खाताना लोक तिचे टोमणेही मुकाट गिळत.

यंदा कौंडण्यपूरजवळचा भंडारा वर्धा नदीच्या पल्याड होता. पुलावरून फेरा लांबचा. म्हणून तिनं कढई सरळ पाण्यात सोडली आणि दोरीनं ओढत मांडीभर पाण्यातून निघाली. कढई डुलत मागं येऊ लागली.

पलीकडच्या काठावर भंडारा समितीचे प्रमुख खुशालराव उभे होते. मनकर्णाबाईचे चुलत दीर. त्यांना सगळं कळत असे, फक्त कोणी विचारत नसे.

"वयनी, फसवलं तुमाले अमरावतीच्या दुकानदारानं!" ते ओरडले. "अस्सल लोखंड पाण्यात बुडते. हे तरंगून राह्यलं. भेसळ हाय, भेसळ!"

चार माणसं हसली. मनकर्णाबाईला हे हसू परवडणारं नव्हतं. भेसळीच्या कढईतली भाजी पंगतीत कोण खाणार? तिला पुन्हा बोलावणार कोण?

"भाऊजी, खिळा बुडते. कढई पोकळ हाय, म्हणून तरंगते. तुमचं डोस्कं पायता तुमीबी बुडणार नाई. बसा आत!"

गोष्ट साधी आहे. खिळा इवलंसं पाणी बाजूला सारतो, ते त्याला पेलत नाही. कढईचं पसरट पोट मात्र तिच्या वजनाइतकं पाणी सारतं, आणि तेवढं पाणी तिला उचलून धरतं. खुशालरावांना हे शाळेत शिकवलं असणार. त्या दिवशीही त्यांनी मास्तरांनाच शिकवलं असावं.

खुशालराव पाण्यात उतरून ऐटीत कढईत बसले. कढई थोडी खचली, पण तरंगतच राहिली.

"पायलं? मी बसलो तरी बुडत नाई! भेसळ नसती, त..." म्हणत ते भाषणाला उभे राहिले. कढई कलली. काठावरून पाणी आत शिरलं. आतही पाणी, बाहेरही पाणी. कढई खुशालरावांसकट तळाला गेली.

ते निथळत उठले, पायजमा सावरला आणि विजयानं गरजले, "बुडली! अस्सल लोखंड हाय! मी काय म्हणत होतो?"

मनकर्णाबाईनं काठावरच्यांकडं पाहिलं.

"साऱ्यायनं आयकलं ना? आता कढई वर काढू लागा. आन् भाऊजीले वाळू घाला."