मिठाविना पान

डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, तेव्हापासून बाबांच्या ताटात वरून मीठ वाढणं मी बंद केलं. आज जेवताना त्यांचं बोट सवयीनं ताटाच्या वरच्या टोकाला गेलं आणि कोरडंच परतलं.

"नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. मला देव केलंत की काय?"

"देव कुरकुर करत नाही, तेवढं शिका," आई म्हणाली.

मी चळवळीत पत्रकं वाटत मोठी झाले, सत्ता उलथवायच्या घोषणा दिल्या. पण बोटाच्या टोकावर बसलेली सवय ही केवढी जुनी सत्ता! तिच्यावर मोर्चा नेता येत नाही. तिला घासाघासानंच हटवावं लागतं.

बाबांनी काकडीची फोड चावली. मिठाच्या रिकाम्या जागेकडे निघालेलं बोट वाटेतच थांबलं.

"अगं, काकडी गोड असते!"