हातभर विमान

नशिराबादच्या थांब्यावर मी रोज जळगावच्या बसची वाट बघतो. मध्यंतरी थांब्यामागच्या ओट्यावर एक म्हातारा विमान बनवत बसायचा. जुन्या काळातलं, एकावर एक दोन पंखांचं, हातभर लांबीचं. दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होतो, एवढंच त्यानं सांगितलं. नाव मी विचारलं नाही, आबा म्हणायचो. मूळचा धुळ्याकडचा असावा. बोलण्यात 'आहे'च्या जागी सारखं 'शे' यायचं.

विकतचं काही नव्हतं. सांगाडा तुरीच्या काड्यांचा, वर पतंगाचा कागद आणि पंख ताणून धरणाऱ्या तारांच्या जागी केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे. बांधलेला प्रत्येक धागा तो डोळे मिटून बोटानं छेडायचा.

तरी चूक झालीच. शेतात जुड्या बांधतात तसे धागे त्यानं ओलेच बांधले होते. उन्हात वाळून ते आखडले आणि वरचा पंख मुरगळला. एका सकाळी बघतो तर तो सगळे धागे कापत बसलेला. तीन महिन्यांचं काम! मलाच राग आला.

"आबा, जरासाच तर वाकडा आहे. कपाटात ठेवायचं विमान, कोण बघणार?"

"वाकडा शे, भाऊ," तो मान वर न करता म्हणाला. "आन् कोनी बसनं तर?"

मी हसलो. मग वाकून बघितलं. पंखांच्या मध्ये अंगठ्याएवढी खुर्ची होती आणि तिला चिंधीचा पट्टा शिवलेला होता.

बस आली. चढण्याआधी मी पहिल्यांदाच तिच्या चाकाचे नट बघितले. कुणीतरी ते, मला न ओळखता, आवळले होते.