सातबाऱ्यावरची बहीण

लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं ते केवळ रजा न मिळाल्यामुळे. देवगडकडच्या गावी बाप गेला, तेव्हा तिच्या दोघी बहिणींनी रिवाजाप्रमाणे हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, जमीन भावाला दिली आणि साडीचोळी घेऊन सासरी परतल्या. लक्ष्मी मात्र तिकडे बहारीनला, मनामाच्या बाजारात रशीदाबाईंच्या दुकानात ईदचे अबाये, बायकांचे पायघोळ झगे, शिवत बसली होती. "पुढच्या सुट्टीत करतंय सय," असं तिने भावाला कळवलं. पुढच्या सुट्ट्या आल्या नि गेल्या, सही राहिली ती राहिलीच.

याला एकोणीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगी अपेक्षा इथेच शिकून नोकरीला लागली, लक्ष्मीचे गुडघे कुरकुरू लागले. बहारीन पोटाला देतं, नाही म्हणू नये; पण व्हिसा संपला की खलास, यल्ला, घरी जा. आता घर म्हणजे नेमकं कुठलं? सासरचं दिरांनी कधीच वाटून घेतलं होतं.

अशात भावाचा, शंभूचा, फोन आला. त्याची चक्क आमदारसाहेबांशी भागीदारी झाली होती. जमीन याची, पैसा नि परवानग्या त्यांच्या. समुद्राकाठच्या बापाच्या बागेत शहरातल्या लोकांसाठी सुट्टीतली घरं उभी राहणार होती. गाडं अडलं होतं एका सहीपाशी.

"बाय, वकिलातीत जा नि मुखत्यारपत्र धाडून दी. तुका काय करूची आसा ती जमीन?"

फोन ठेवून लक्ष्मी रडली. शंभू लबाड नव्हता. बहिणीला काही हवं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि तेच तिला लागलं. अपेक्षा म्हणाली, "आई, डोन्ट साइन." तिचं काय जातंय! सही केली तर म्हातारपणी पाय टेकायला जागा नाही, नाही केली तर भाऊ तुटला.

पुढच्याच शुक्रवारी साहेब स्वतः बहारीनला अवतरले, गुंतवणूकदार गोळा करायला. हॉटेलच्या हॉलमध्ये इथल्या मराठी माणसांची गर्दी, पडद्यावर रंगीत नकाशा, जिभेवर खडीसाखर. "कोकणातली माणसं दिलदार! आमच्या शंभूरावांच्या तिन्ही बहिणींनी हसत हसत हक्क सोडला."

मागच्या रांगेत लक्ष्मी उभी राहिली.

"साहेब, तिसरी बहीण मी. मी अजून काही सोडलेलं नाही."

पुढची डोकी मागे वळली. साहेब मुरलेले, लगेच हसले. "बोला ना ताई, अडचण काय?"

"अडचण नाही. गडग्याकडचा, त्या दगडी कुंपणाकडचा, कोपरा मला घराला हवा, माझ्या नावावर. बाकीवर सही करते."

"दिला! भावाचा शब्द समजा."

"शब्द नको. कापडावर खडूची रेघ दिसल्याशिवाय मी कात्री लावत नाही. नकाशावर रेघ दाखवा."

लोक हसले. सागर नावाचा एक ड्रायव्हर उठून म्हणाला, "बरोबर आहे मावशींचं. आम्हालाही आधी कागद दाखवा." माना हलल्या. वारं कुठे फिरलंय हे पुढाऱ्याला सांगावं लागत नाही. साहेबांनी सर्वांदेखत नकाशा बदलायचं कबूल केलं, वर टाळ्याही घेतल्या.

पण शंभूचा तीन आठवडे फोन नाही. लक्ष्मी दोनदा उलटी बाही जोडून बसली. "इंशाल्ला, करेगा," रशीदाबाई म्हणत. भाऊ गेला, अशी लक्ष्मीची खात्रीच झाली होती.

मग शंभू नि साहेबांच्या नोंदवलेल्या कराराची प्रत आली, सोबत तिच्या सहीसाठी बाकीच्या जमिनीचं मुखत्यारपत्र. नकाशात गडग्याकडे एक रेघ आणि रेघेच्या आत तिचं नाव. पाठोपाठ व्हिडिओ कॉल. शंभू बागेत उभा होता, हाताला रेघ आखल्याचा चुना लागलेला.

"तुका आधीच इचारूक होया होता गे मियां," तो म्हणाला. मग फोन आखलेल्या जागेकडे वळवून, "दार खंय करूचा? दर्याकडे काय डोंगराकडे?"

लक्ष्मीने पदराने डोळे पुसले.

"वाटेकडे कर. येणारो दिसाक होयो."